जुन्या जावाचे इंजिन : पाना हाती घेण्यापूर्वी

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने मोटारसायकली बनवल्या. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. वडिलांची किंवा आजोबांची जावा घराच्या आवारात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली असते आणि एखाद्या रविवारी ती पुन्हा सुरू करण्याची हौस उफाळून येते. हौस रास्त असली, तरी घाई महागात पडते. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतले खरे. पण त्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे असल्याने त्याचे भाग जुन्या गाडीला चालत नाहीत. त्यामुळे जुन्या इंजिनातील मूळ भाग जपणे हेच घरी काम करणाऱ्याचे पहिले उद्दिष्ट असायला हवे.

इंजिनाची रचना

२५० सीसी जावाचे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आहे. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. सिलिंडर एकच असला तरी सायलेन्सर दोन असतात. यात व्हॉल्व्ह नाहीत. कार्ब्युरेटरमधून आलेले मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते, तेथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणूनच क्रँककेस हवाबंद असणे अत्यावश्यक ठरते. वंगणासाठी वेगळा पंप नसून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. गिअरबॉक्सचे ऑइल मात्र स्वतंत्र असते.

उघडण्याआधी निदान

गाडी चालू होत नाही म्हणून थेट ब्लॉक काढणे ही सर्वांत सामान्य चूक होय. सुरुवात प्लगपासून करावी. प्लगचे टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळे व ओले असेल तर पेट्रोल वा ऑइल जास्त होत आहे. पांढरट असेल तर मिश्रण पातळ असून कोठून तरी जादा हवा शिरत असण्याची शक्यता असते.

धूर आणि आवाजही बरेच काही सांगतात. गिअरबॉक्समधील ऑइल कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल, तर क्लचच्या बाजूचे ऑइल सील गेले असे समजावे. इंजिन आपोआप वेग घेत असेल, तर डायनामोच्या बाजूचे सील संशयास्पद ठरते. अशा स्थितीत गाडी चालवत राहिल्यास पिस्टन तापून जाम होतो. त्यानंतर कार्ब्युरेटरची जेट, पेट्रोलचा नळ आणि कॉन्टॅक्ट पॉइंट तपासावेत. अनेकदा दोष येथेच सापडतो आणि इंजिन उघडण्याची वेळच येत नाही.

जाम झालेले इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या गाडीची किक हलत नसेल, तर तिच्यावर उभे राहून जोर लावू नये, दाते तुटतात. प्लग काढून त्या छिद्रातून थोडे डिझेल किंवा पातळ ऑइल सोडावे आणि काही दिवस धीर धरावा. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हलक्या हाताने पुढे-मागे करावे. हातोडा वापरू नये.

घरी काय, कारखान्यात काय

हेड आणि ब्लॉक उतरवून काजळी काढणे घरी सहज जमते. हेडचे नट थोडे थोडे, समोरासमोर सैल करावेत. ब्लॉक वर उचलताना क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे. आत पडलेला एक छोटा सर्क्लिप संपूर्ण इंजिन उघडायला लावतो. पिस्टनची पुढची बाजू खूण करून ठेवावी. काजळी लाकडी पट्टीने खरवडावी, पोलादी छिन्नीने नव्हे. रिंग बसवताना तिची टोके खाचेतील पिनेवर येतात की नाही, हे पाहावे. अन्यथा ती पोर्टमध्ये अडकून तुटते. काढलेले सर्क्लिप पुन्हा वापरू नयेत.

रिबोअरिंग, क्रँकचे बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड ही कामे मात्र चांगल्या लेथवाल्याकडेच द्यावीत. प्रत्येक रिबोअरिंगमध्ये ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचा थर कायमचा जातो आणि त्याला मोठ्या मापाचा पिस्टन लागतो. ही संधी मोजक्या वेळाच मिळते. त्यामुळे झीज मायक्रोमीटरने मोजल्याविना रिबोअरिंगचा निर्णय घेऊ नये.

पेट्रोल आणि कायदा

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर खराब करते व पाणी शोषून घेते. म्हणून पेट्रोलची नळी व वॉशर इथेनॉल सोसणारे घ्यावेत. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावे. पेट्रोल हाताळताना खोली बंद नसावी, जवळपास ज्योत नसावी आणि इंजिन नेहमी उघड्यावरच सुरू करावे.

मूळ भाग जपण्यामागे कायदेशीर कारणही आहे. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी वा इंजिनात बदल केलेला चालत नाही. साठच्या दशकातील जावा वयाच्या निकषात केव्हाच बसल्या आहेत. जुन्या इंजिनाला कंटाळून दुसरेच इंजिन बसवणाऱ्याची गाडी कदाचित लवकर धावू लागेल. व्हिंटेज म्हणून नोंदणीचा तिचा हक्क मात्र त्याच दिवशी संपतो.