नोंद कुठे ठेवायची? एम्युलेटरच्या पडद्यामागचा छोटासा इतिहास

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक आहे, सुरुवात करू.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यांना ती कॅसेट आठवत असेल. वर छापलेलं असायचं '९९९९९९ इन वन'. प्रत्यक्षात आत पंधरा-वीस गेम. बाकी तेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. म्हणजे वस्तू थोड्या आणि नोंदी लाखो. आजचा आपला विषय नेमका हाच आहे : वस्तू वेगळी, तिची नोंद वेगळी. मग ही नोंद ठेवायची कुठे?

आधी दोन शब्द स्पष्ट करतो. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. फ्रंटएंड म्हणजे त्याच्या पुढे मांडलेलं कपाट : गेमची यादी, चित्र, साल, कंपनी, आपण किती वेळा खेळलो, सगळं तिथे दिसतं. ह्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. मी 'नोंद' म्हणणार आहे.

आपल्याकडे जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक शक, तिथी, स्वतःचं नाव लिहून ठेवायचा. नोंद पोथीतच. पुढे ती पोथी ग्रंथालयात आली की तिची दुसरी नोंद रजिस्टरमध्ये व्हायची. एम्युलेटरच्या इतिहासातही हाच प्रवास झाला.

पहिली पद्धत पोथीची. निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर १९८३ साली जपानमध्ये आला. त्याच्या कॅसेटमध्ये मेमरी वाटून देणारी वेगवेगळी सर्किटं असत, त्यांना मॅपर म्हणतात. कुठला मॅपर आहे ते कळल्याशिवाय गेम चालत नाही. म्हणून आयनेस नावाच्या एम्युलेटरने फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटची नोंद जोडली. कल्पना चांगली होती. पण एका प्रोग्रामने ह्या नोंदीतल्या रिकाम्या बाइटांत, सातव्यापासून पंधराव्यापर्यंत, 'डिस्कड्यूड!' अशी सही ठोकायला सुरुवात केली. इंग्रजीत बरोबर नऊ अक्षरं, नऊ बाइटांत चपखल बसली! गंमत पुढे आहे. सातव्या बाइटचा वरचा अर्धा भाग मॅपरच्या क्रमांकाचा होता. तिथे 'डी' हे अक्षर पडलं आणि मॅपरचा क्रमांक ६४ने वाढला. एक नंबरचा मॅपर झाला पासष्ट. गेम धड, नोंद बिघडलेली, म्हणून गेम चालेना. पुढच्या एम्युलेटरांना 'ही सही दिसली तर तिकडे दुर्लक्ष करा' असा खास नियम लिहावा लागला.

दुसरी पद्धत : नोंद फाइलच्या नावातच. गुडटूल्स ह्या संचाने ती रूढ केली. कंसात 'जे' म्हणजे जपानी, 'यू' म्हणजे अमेरिकन. चौकोनी कंसात उद्गारचिन्ह म्हणजे तपासलेली प्रत, 'बी' म्हणजे खराब प्रत. कुठलंही कपाट न उघडता नुसत्या नावावरून कळतं. पण नावात मावणार किती? आणि माहिती सुधारली की हजारो फाइलींची नावं बदलत बसायचं.

तिसरी वाट मेमची. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी मेमची पहिली आवृत्ती काढली. तेव्हा डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं मिळायची, म्हणून गेमची नावंही आखूड. मेमने नावावर विश्वास ठेवलाच नाही. प्रत्येक चिपमधल्या मजकुराची बेरीज, म्हणजे सीआरसी आणि पुढे शा-वन, त्याने स्वतःकडे लिहून ठेवली. नाव काहीही असो, बोटांचे ठसे जुळले पाहिजेत. ह्यामुळेच १९८०चा नामकोचा जपानी 'पक मॅन' आणि मिडवेचा अमेरिकन 'पॅक-मॅन' हे एकाच कुटुंबातले, पण वेगळे, असं मेम नेमकं सांगू शकतो.

आता फ्रंटएंडकडे येऊ. २०१२ साली रास्पबेरी पाय आला, आणि रेट्रोपायबरोबर इम्युलेशनस्टेशन घरोघरच्या टीव्हीवर पोचलं. त्याची नोंद गेमलिस्ट नावाच्या एक्सएमएल फाइलीत असते. साधा मजकूर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतो, मराठीत वर्णन लिहिलं तरी चालतं. पण हाताने 'सॉनिक अँड नकल्स'मधली अँडची खूण तशीच टाकलीत, तर एक्सएमएलचे नियम मोडतात आणि अख्खी यादी वाचता येत नाही. फ्रंटएंड चालू असताना फाइल बदललीत, तर बंद होताना तो स्वतःजवळची जुनी यादी तिच्यावर लिहू शकतो. शिवाय नोंद जोडलेली असते फाइलच्या पत्त्याला. फाइलचं नाव बदललं की नोंद पोरकी.

रेट्रोआर्कने आधी प्रत्येक गेमला सहा ओळी दिल्या : पत्ता, नाव, कोअरचा पत्ता, कोअरचं नाव, सीआरसी, यादीचं नाव. सुटसुटीत होतं. पण एक ओळ गळली की पुढचे सगळे एकेक घर सरकले, आणि सातवी गोष्ट लिहायला जागाच नाही. २०१९च्या सुमारास ते जेसनकडे वळले. तिथे प्रत्येक गोष्टीला नाव असतं, जागेवर भिस्त नसते.

मग कोणी म्हणेल, सरळ डेटाबेस का नको? मॅकवरचा ओपनएमू तसंच करतो. फायदे खरे आहेत : दहा हजार गेममधून शोध झटकन होतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेलं मागे घेतलं जातं. तोटाही खरा आहे : साध्या एडिटरमध्ये तो उघडत नाही, आणि दोन प्रतींत काय बदललं ते डोळ्यांनी दिसत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मी दोन हिवाळे बसून सातशे गेमना मराठीत दोन-दोन ओळींची वर्णनं लिहिली होती. त्यात धाकट्या भावाबरोबर कुठला गेम कधी पूर्ण केला, तेही. चित्रं नीट यावीत म्हणून एका संध्याकाळी सगळी यादी इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेतली. चित्रं सुरेख आली. माझ्या ओळी गेल्या, कारण कंपनीचं साल आणि भावाची आठवण एकाच फाइलीत, एकाच नोंदीत होती.

तेव्हा मला हा इतिहास कळला. एक्सएमएल की डेटाबेस हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा : ही नोंद गेली तर पुन्हा कुठून मिळेल? साल, कंपनी, खेळाडूंची संख्या पुन्हा मिळते, जगात शंभर ठिकाणी आहे. ती डेटाबेसमध्ये ठेवा, हवी तेव्हा पुसा, पुन्हा भरा. पण तुम्ही लिहिलेलं, तुम्ही खेळलेलं, तुम्हाला आवडलेलं जगात एकाच ठिकाणी आहे. ते वेगळ्या, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, तिची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ते फाइलच्या पत्त्याला नाही, ठशाला जोडा. पत्ते बदलतात. ठसे बदलत नाहीत.

इथे कोणी फ्रंटएंड लिहिणारे बसले असतील, तर त्यांना एवढीच विनंती. 'यादी नव्याने उतरवा' ह्या बटणाने माणसाने लिहिलेल्या ओळीला हात लावू नये.

वेळ झाली. प्रश्न असतील तर विचारा.