जमखंडीचे ग्रहण आणि हंसातली कोर

वास्कोत बंदराचे दिवे रात्रभर जळतात. आकाश पाहायचे तर पेडणे किंवा डिचोलीकडच्या एखाद्या काळोख्या माळावर जावे. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी उत्तरेकडे उंचावर हंस दिसतो. त्याच्या मानेपाशी चंद्रकोरीसारखा एक तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. १७९२ साली विल्यम हर्षेलने तो दुर्बिणीतून पाहिला.

ही कोर आहे मरणपंथाला लागलेल्या एका प्रचंड ताऱ्याची. तारा आधी फुगून तांबडा राक्षस झाला आणि बाहेरचे थर त्याने संथपणे सोडून दिले. मग उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यातून वायूचा झोत सुटला, सेकंदाला हजार किलोमीटरहूनही अधिक वेगाने. आधी निघालेल्या पडावाला मागून सुटलेली लाँच गाठते, तसे या झोताने जुन्या थरांना गाठले आणि लोटून त्यांचे कवच केले. ताऱ्याच्या जंबुपार किरणांनी ते उजळते.

या जातीचे पहिले तीन तारे वुल्फ आणि राये या दोघांना पॅरिसच्या वेधशाळेत १८६७ साली सापडले, तेही हंसातच. त्यांच्या वर्णपटातल्या रुंद, तेजस्वी पट्ट्यांचा अर्थ तेव्हा कुणालाच लागला नाही.

पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, आपल्या मुलखावरून खग्रास सूर्यग्रहण गेले. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून, लॉकियरने इथेच हेलियम शोधला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. सांगायला जिवावर येते, पण लॉकियर त्या ग्रहणासाठी हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्याने सूर्याची ती पिवळी रेघ त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून पाहिली. सीमाभागाला अभिमानच बाळगायचा तर जमखंडी आहे! पटवर्धनांच्या त्या संस्थानात ढगांच्या लपंडावात लेफ्टनंट जॉन हर्षेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. हा विल्यमचा नातू. सूर्याच्या ज्वाळांत त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेघा दिसल्या. मधली रेघ त्याने सोडियमची धरली. ती सोडियमची नव्हे, हे लॉकियरने ओळखले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते रॅमसेला १८९५ साली मिळाले.

वुल्फ-राये ताऱ्यांच्या पट्ट्या रुंद का, हे उलगडायला १९२९ साल उजाडले. कॅनडाच्या बील्सने सांगितले, की तो सर्व बाजूंनी वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचा परिणाम आहे. हंसातल्या त्या कोरीला आकार देणाऱ्या झोतात मुख्यत्वे हेलियमच आहे. आजोबांच्या तेजोमेघात नातवाची रेघ.