नादिष्टाचा संसार : फाळके दांपत्याच्या निमित्ताने

मराठीत छंद 'जोपासला' जातो आणि नाद 'लागतो'. पहिल्या क्रियेचा कर्ता माणूस असतो, दुसरीचा कर्ता नादच. यंत्रांची आवड असलेल्या माणसाचा संसार सुखाचा का होतो किंवा का होत नाही, याचे अर्धे उत्तर या व्याकरणात दडलेले आहे. छंदाला घराचा एक कोपरा पुरतो. नादाला अख्खे घर लागते, आणि घर तर दोघांचे असते.

हा प्रश्न केवळ थोरामोठ्यांचा नाही. आमच्या चारकोपमध्ये १९८५ साली मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या साहाय्याने, म्हाडाने लहान लहान भूखंड आखून दिले आणि कुटुंबांनी त्यांवर आपापली घरे उभी केली. अशा घरात लॅमिंग्टन रोडवरून आणलेले संगणकाचे सुटे भाग, उघडून ठेवलेला रेडिओ आणि सोल्डरिंगची तार पसरली, की पोळ्या लाटायला जागा उरत नाही. मग भांडण यंत्रावरून होत नाही. जागा कोणाची, वेळ कोणाचा आणि पैसा कोणाचा, यावरून होते. या तिन्ही प्रश्नांची कसोटी लागलेला एक संसार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दादरला नांदत होता. तो धुंडिराज गोविंद आणि सरस्वतीबाई फाळके यांचा.

धुंडिराज (१८७०–१९४४) हे नादिष्टपणाचे पूर्ण उदाहरण होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग असे एकामागून एक नाद त्यांना लागत गेले. जादूगार म्हणून त्यांनी आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' हे नाव घेतले होते. पहिली पत्नी प्लेगात गेल्यानंतर १९०२ मध्ये त्यांचा विवाह गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला; त्याच पुढे सरस्वतीबाई. छपाईच्या धंद्यात फाळके यांनी नाव मिळवले, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीपर्यंत जाऊन आले, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे चालता धंदा सोडून दिला. घरात मुले, मिळकत थांबलेली, आणि नेमका त्याच सुमारास गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. चौथा नाद लागला, तो कायमचा.

इथे एक बारीकशी घटना मला महत्त्वाची वाटते. पडद्यावरची हलती चित्रे पाहून आल्यावर फाळके यांनी ती घरी नुसती वर्णन करून सांगितली नाहीत. ते पत्नीला ती दाखवायला घेऊन गेले. नादिष्ट माणसे बहुधा आपला नाद घरच्यांपासून दूर ठेवतात. त्यांना एकांत हवा असतो, आणि समजावून सांगण्याचा कंटाळाही असतो. दार बंद झाले की आतल्या माणसाला ते तप वाटते, बाहेरच्या माणसाला पळवाट वाटते. फाळके यांनी दार उघडे ठेवले. त्यामुळे पुढे जे काही गहाण पडले, ते कशासाठी पडले हे सरस्वतीबाईंना आरंभापासून ठाऊक होते.

गहाण बरेच पडले. विम्याची पॉलिसी तारण ठेवून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. आपल्याकडील चरित्रलेखन या दागिन्यांपाशी थबकते, 'त्याग' हा शब्द लिहिते आणि पुढे सरकते. माझा आक्षेप या शब्दाला आहे. त्याग ही एकदाच घडणारी क्रिया आहे. संसार रोज करावा लागतो. दागिन्यांपेक्षा मोलाची गोष्ट अंधारात घडत होती.

त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांविना येत असे. कॅमेऱ्यातील दाते ज्यांत अडकून फिल्म पुढे सरकते, ती छिद्रे वापरणाऱ्यालाच पाडावी लागत, आणि तीही काळोखात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. छिद्रांतील अंतर थोडेही चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरे. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायने त्या कालवीत, चित्रीकरणाच्या वेळी ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि हे सगळे सांभाळून चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी जे स्थिर चित्र पाहिले, त्याच्या स्थिरपणात या हातांचा वाटा होता. ज्ञान हातात आले की माणूस सोबती होतो; ते न देता केवळ पैसा मागितला, तर तो सावकार होतो. फाळके यांच्या संसाराचे सुख मला इथे दिसते.

दुसरी खूण नकाराची. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा फाळके यांनी पत्नीलाही विचारले आणि तिने नकार दिला, असे सांगितले जाते. इतका भार वाहणाऱ्या मला पुन्हा नटी कशाला करता, हा त्या नकाराचा साधा अर्थ. भूमिका अखेर अण्णा साळुंके या पुरुषाने केली. ज्या घरात 'नाही' म्हणता येते, तिथल्या 'हो'ला किंमत असते. एरवी ती नुसती आज्ञा पाळणे ठरते.

आता कथानकाकडे पाहू. पहिल्या चित्रपटासाठी निवडलेली कथा अशा राजाची, जो आपल्या सत्यासाठी राज्य देतो आणि बायकोमुलाला विकतो. हरिश्चंद्राचे सत्य ही त्याची स्वतःची निवड. तारामतीच्या वाट्याला त्या निवडीचा हिशेब येतो. पत्नीचे दागिने मोडून तयार झालेल्या चित्रपटात हीच कथा असावी, रोहिदासाच्या भूमिकेत स्वतःचाच मुलगा भालचंद्र असावा, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. पुराणात देव प्रसन्न होऊन सर्व परत देतात. फाळके यांच्या घरी तसे घडले नाही. हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीच्या भागीदारांशी मतभेद झाल्यावर कुटुंब काशीला गेले, परतले, बोलपटाच्या युगात मागे पडले. 'गंगावतरण' (१९३७) हा शेवटचा चित्रपट. उत्तरायुष्य नाशिकला ओढगस्तीतच गेले.

म्हणून 'सुखी संसार' हा शब्द वापरताना साहित्याच्या अभ्यासकाने साक्ष कोणाची, हे विचारले पाहिजे. रमाबाई रानड्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून येऊ लागली, आणि लहरी नवऱ्याबरोबरचा संसार बायकोच्या तोंडून ऐकताना हसू आणि जाच एकाच वाक्यात कसे राहतात, हे मराठी वाचकाला कळले. फाळके यांनीही आपल्या धडपडीची हकीकत १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिली. त्या तोलाची सरस्वतीबाईंची 'स्मृतिचित्रे' मात्र आपल्यापाशी नाहीत. त्यांच्या सुखाची साक्ष आपण त्यांच्या कामावरून काढतो, आणि काम हे सुखाचे अपुरे प्रमाण आहे.

तरीही एवढे म्हणता येईल. नाद सोडून दिल्याने संसार सुखाचा होतो, असे नाही, आणि जोडीदाराने तो निमूट सोसल्यानेही नाही. दाखवणे, शिकवणे, नकार ऐकणे या तीन गोष्टी फाळके यांना साधल्या. चौथी, श्रेय वाटून घेण्याची, त्यांना आणि त्यांच्या काळाला साधली नाही. गोरेगावच्या चित्रनगरीला दादासाहेबांचे नाव आहे, चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार १९६९ पासून त्यांच्याच नावे दिला जातो. काळोखात फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या बाईचे नाव विद्यार्थ्यांना विचारावे, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहावे.