मरुभूमीतील वर्षाबेडूक

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, नामिबियातील ल्यूडरिट्स बंदरापासून दक्षिणेस दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँड भागातील क्लाइन्झे गावाच्या परिसरापर्यंत पसरलेल्या अरुंद वालुकामय पट्ट्यात राहणारा एक लहान, निशाचर बेडूक. शास्त्रीय नाव ब्रेव्हिसेप्स मॅक्रॉप्स. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज ॲल्बर्ट बूलेंजर यांनी १९०७ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. ब्रेव्हिसेप्स हा वंश पूर्वी मायक्रोहायलिडी कुलात गणला जात असे. त्याच कुलातील उपेरोडॉन वंशाचे, महाराष्ट्रात मृगाच्या पहिल्या सरींबरोबर भुईतून वर येणारे गोलमटोल बेडूक ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ते वर्गीकरण तत्काळ पटले असते. परंतु आनुवंशिक पुराव्याच्या आधारे आता ब्रेव्हिसिपिटिडी हे केवळ आफ्रिकेतील स्वतंत्र कुल मानण्यात येते. दोहोंमधील साम्य रक्ताच्या नात्यातून आलेले नसून जमीन उकरून तीत दडून राहण्याच्या समान जीवनक्रमातून आलेले आहे.

या प्राण्याचा विचार करताना त्याच्या शरीराआधी त्याच्या भूमीचा विचार करणे मला अधिक युक्त वाटते, कारण शरीराचे बहुतेक सारे विशेष त्या भूमीच्या संदर्भातच उलगडतात. समुद्रापासून सुमारे दहा किलोमीटरांच्या आत, पांढुरक्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर तुरळक वाढलेली मांसल पानांची खुरटी झुडपे, एवढेच त्याचे वसतिस्थान. पाऊस वर्षाकाठी शंभर मिलिमीटरदेखील पडत नाही, आणि बेडकाला डबके, ओढा अथवा तळे यांचे दर्शन जन्मभर घडत नाही. तथापि या किनाऱ्यालगत बेंग्वेला हा शीत सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो. दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांनी पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले की तळाचे थंड पाणी वर येते, त्यावरून जाणारी दमट हवा निवते, आणि तिच्यातील बाष्पाचे संघनन होऊन दाट धुके रात्री व पहाटे जमिनीवर सरकते. वर्षातून शंभराहून अधिक दिवस हे धुके पडते. त्याचे सूक्ष्म जलबिंदू आणि हिवाळ्यातील थोडाबहुत पाऊस वाळूत मुरतो. वरचा थर उन्हाने लवकर वाळतो, परंतु तो वाळल्यामुळेच खालच्या ओलीचा वर येण्याचा मार्ग खुंटतो आणि काही अंगुळे खाली वाळू थंड व ओलसर राहते. ज्या प्रदेशास नकाशा निर्जल ठरवतो, तेथे पाणी आहे; मात्र ते वाळूच्या कणाकणांत विभागलेले आहे, आणि ते घेण्याची युक्ती या बेडकास साधलेली आहे.

शरीराची लांबी ४ ते ६ सेंमी. धड कणकेच्या गोळ्यासारखे वाटोळे, मुस्कट अत्यंत आखूड, डोळे मोठे व बाहेर आलेले, रंग फिकट पिवळसर-तपकिरी, आणि त्यावर चिकटलेले वाळूचे कण इतके बेमालूम की स्तब्ध बसलेला बेडूक जमिनीपासून वेगळा ओळखणे कठीण. पोटाखालच्या त्वचेचा एक भाग इतका पातळ व पारदर्शक असतो की त्यातून आतली इंद्रिये दिसतात. बेडूक सामान्यतः तोंडाने पाणी पीत नाहीत, ते त्वचेवाटे शोषतात. ओल्या वाळूवर पोट टेकून बसणाऱ्या या प्राण्याला असा पातळ त्वचेचा भाग पाणी घेण्याचे मुख्य द्वार ठरतो. पाय आखूड असून त्यांच्यावर मांसल पडदे व वाळू मागे लोटणारे कठीण उंचवटे असतात. असे पाय पोहण्यास किंवा उडी मारण्यास निरुपयोगी. हा बेडूक चालतो, आणि रात्रीच्या फेरीनंतर त्याच्या पावलांची माळ वाळूवर सकाळी स्पष्ट दिसते.

दिवसा तो मागच्या पायांनी उकरत १० ते २० सेंमी खोल, म्हणजे ओल लागेपर्यंत, खाली जातो. रात्री, विशेषतः धुके असेल तेव्हा, वर येऊन पतंग, भुंगेरे व त्यांच्या अळ्या खातो, आणि जनावरांच्या विष्ठेभोवती कीटक जमतात म्हणून तेथे त्याची वर्दळ अधिक आढळते. शत्रूने गाठले की तो अंग फुगवतो, तोंड उघडतो व तीक्ष्ण, कर्कश किंकाळी फोडतो. या किंकाळीच्या चित्रफिती अलीकडे जगभर कौतुकाने पाहिल्या गेल्या, पण ते कौतुक करताना ती भयाची हाक आहे हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नराची मादीस साद घालणारी हाक अगदी निराळी, लांब ओढलेल्या शिट्टीसारखी असते.

या वंशात नराचे हात मादीच्या रुंद देहाला विळखा घालण्यास अपुरे पडतात. म्हणून मीलनसमयी त्वचेतून स्रवणाऱ्या चिकट द्रवाने नर मादीच्या पाठीशी जोडला जातो, आणि ती त्याच्यासह वाळूत शिरते. अंडी बिळात घातली जातात. ती संख्येने थोडी, परंतु मोठी व पीतकाने समृद्ध असतात, आणि त्या पीतकावर पोसलेला गर्भ अंड्यातच आपले सारे रूपांतरण पुरे करून लहानशा बेडकाच्या रूपाने बाहेर पडतो. पाण्यात पोहणारा भैकेर ही अवस्थाच येथे नाही. आपल्याकडे सह्याद्रीतील झुडपी बेडकांतही असाच प्रत्यक्ष विकास आढळतो, पण तेथे त्यास मुसळधार पावसाळ्याची सोबत आहे, येथे केवळ वाळूच्या ओलीची.

बूलेंजर यांच्या वर्णनानंतर एका वर्षाने, १९०८ मध्ये, ल्यूडरिट्सजवळ झाकारियास लेवाला या रेल्वे कामगाराला वाळूत हिरा सापडला, आणि तत्कालीन जर्मन सरकारने किनाऱ्याचा विस्तीर्ण मुलूख हद्द आखून परवान्याशिवाय प्रवेशास मना केला. या मनाईमुळे त्या मुलखाचा बराच भाग शतकभर मनुष्यवस्तीपासून अलिप्त राहिला, आणि २००८ मध्ये नामिबिया सरकारने तो राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला. मात्र जेथे हिऱ्यांचे खाणकाम प्रत्यक्ष चालले, तेथे खडकाच्या पृष्ठभागापर्यंत पोचण्यासाठी वरची सारी वाळू उपसली गेली. नामाक्वालँडच्या किनाऱ्यावर याची झळ अधिक पोचली, आणि तेथे रस्ते व घरबांधणीचीही भर पडली. वाळू हलविणे म्हणजे या बेडकाचे बीळ, पाणवठा आणि प्रसूतिस्थान ही तिन्ही एकदम हलविणे होय. वस्तीच्या पश्चिमेस समुद्र, पूर्वेस धुके क्वचितच पोचते अशी कोरडी जमीन, आणि स्वतःस उडीही मारता येत नाही. त्यामुळे उपसलेल्या टेकडीवरच्या बेडकांना अन्यत्र सरकण्यास फारसा वाव उरत नाही.