उपद्रव कुणाचा, आणि ठरवणार कोण?

वस्तीला खेटून रात्री-बेरात्री मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टी धडधडत असते. "ते बंद करायचा अधिकार ग्रामपंचायतीलाच द्या," अशी मागणी आपलेच काही कार्यकर्ते करतात. मागणी करण्याआधी इतिहास पाहू.

1860 च्या दंड संहितेने कलम 268 मध्ये 'सार्वजनिक उपद्रवा'ची व्याख्या केली. पुढे ब्रिटिशकालीन नगरपालिका कायद्यांनी उपद्रवी धंद्यांवर नियंत्रण आणले. कोणते धंदे? कातडी कमावणे, हाडे उकळणे, चरबी वितळवणे. म्हणजे स्थानिक सत्तेला पहिल्यांदा त्रास झाला तो वासाचा, आणि तोही जातीने ज्यांच्या माथी ही कामे मारली त्यांच्या श्रमाचा.

मालकाच्या यंत्राचा आवाज मात्र कायद्याला फार उशिरा ऐकू आला. 1978 च्या एका निकालात अलाहाबाद उच्च न्यायालयाने पिठाच्या गिरणीबाबत सांगितले, की परिसर आधीच गोंगाटाचा असला तरी नव्या यंत्राने त्रासात मोठी भर पडत असेल तर मनाई करता येते. 1987 मध्ये वायू प्रदूषण कायद्यात दुरुस्ती होऊन ध्वनी हेही प्रदूषण ठरले. 2000 मध्ये ध्वनी प्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45. 2010 च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री बांधकाम यंत्रांना बंदी घातली. शेतीयंत्रांचे नाव तिथे नाही. पण म्हणून ती सुटत नाहीत. वस्ती निवासी आहे आणि मर्यादा वस्तीची आहे. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर कोणीही तक्रार करू शकतो.

तक्रार कुणाकडे? नियमांनी नावे घेतली ती जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याची. सरपंचाचे नाव घेतलेले नाही. माझ्या मते हे आपल्या हिताचे आहे. 1932 मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले आणि पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्यास विरोध केला. न्याय देणारा आणि अन्याय करणारा एकाच वाड्यात राहतो, हे ते जाणून होते. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर राखीव जागा मिळाल्या. तरी अनेक गावांत यंत्राचा मालक, मजुरी देणारा आणि पंचायतीवर पकड असलेला माणूस एकच असतो. त्याच्याविरुद्ध त्याच्याच दारात तक्रार कोण करणार?

हंगामाची घाई खरी आहे. शेतीला वीज अनेकदा रात्रीच मिळते, हेही खरे. त्या यंत्रावर राबणारे हातही बहुतेकदा आपलेच असतात. म्हणून यंत्राच्या वेळा आणि वस्तीपासूनचे अंतर ग्रामसभेत ठरावाने ठरवून घ्या. पण अंमलबजावणीचा अधिकार गावाबाहेरच राहू द्या. तारीख आणि वेळ लिहून ठेवा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

जय भीम!