साडी नेसलेली सायबीण

गोव्यातला ख्रिस्ती भाविक येशूच्या मातेला ‘सायबीण’ म्हणतो. ‘साहेब’ या यावनी शब्दाला देशी स्त्रीप्रत्यय लागून झालेले हे संबोधन. शिवाय म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, अशी तिथल्या हिंदूंची नि ख्रिस्त्यांची सारखीच समजूत. वाणीने आणि लोकश्रद्धेने जिला असे केव्हाच घरची करून घेतले होते, ती वेदीवरच्या चित्रांत मात्र, पोर्तुगीज अंमलाला चार शतके लोटली तरी, बहुशः गौरवर्णी युरोपीय राणीच राहिली होती.

१९०२ साली सांत इस्तेव बेटावर जन्मलेले अँजेलो द फोन्सेका वैद्यकाचा अभ्यास सोडून चित्रकलेकडे वळले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसू यांच्या हाताखाली जलरंगांचे विरल थर पाण्याने धूत धूत चढविण्याची रीत शिकले, आणि गोव्यास परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसवली, वर्णाने सावळी केली. धर्मनिष्ठांचा त्यावर इतका रोष झाला की फोन्सेकांनी गोवा सोडला. आता, आक्षेपकांना जो पेहराव शास्त्रोक्त वाटत होता तो तरी नाझरेथचा कोठे होता? इटलीच्या चित्रकारांनी आपल्याच नगरीतल्या स्त्रिया पाहून तो तिच्या अंगावर घातलेला. फोन्सेकांचा अपराध एवढाच की, तोच हक्क त्यांनी सनदेवाचून बजावला.

आसरा मिळाला तो पुण्यास, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आश्रमाचे संस्थापक जॅक विन्स्लो अँग्लिकन, फोन्सेका रोमन कॅथलिक, आणि पंथापंथांतले अंतर त्या काळी लहान नव्हते. परंतु १९२३ साली ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या, अभंगाच्या चालीवर ख्रिस्तभक्ती ऐकलेल्या विन्स्लोंच्या आश्रमाला साडीतली मरिया परकी वाटण्याचे कारण नव्हते. टिळकांना मात्र तुकोबांची मळलेली वाट सापडली होती; या चित्रकाराला ती बव्हंशी स्वतःच पाडावी लागली.

१९५१ साली त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्या मरियेच्या मुद्रेवर पत्नीच्या चेहऱ्याची छाया उतरू लागली. १९६७ साली ते पुण्यातच निवर्तले. पत्नीने जपून ठेवलेली चित्रे पुढे गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या दप्तरी जमा झाली.