केडगावला उतरा

पुण्याहून दौंडकडे निघालेल्या जीआयपी रेल्वेच्या गाडीत, तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर तुम्ही बसला आहात. शेजारच्या आजोबांनी आपलं गाठोडं न विचारता तुमच्या मांडीवर टेकवलंय. साल १९००, दिवस वैशाखाचे. इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेलाय ना? चोळू नका, आणखी आत जाईल. उरुळी गेलं, यवत गेलं. बाहेर रानं भेगाळून पडलीत, हिरवं म्हणून दिसतं ते फक्त बाभळीचं. ‘छप्पनचा दुष्काळ’ तुम्ही आजीच्या तोंडून ऐकला असेल, तर हाच तो. संवत १९५६.

केडगाव आलं. उतरा.

फलाटावरचा फुफाटा चपलेतून तळव्याला चटका देतोय. सोबतीला कुणी नसलं तरी वाट चुकणार नाही, कारण आवाज ऐकू येतोच आहे: शेकडो पोरींचा एकत्र कालवा. जवळ गेलात की त्यातले पीळ सुटे होतात. इथे मराठी भांडण, तिथे मध्य प्रांतातली हिंदी, आणि कोपऱ्यात नुकत्याच गुजरातेतून आलेल्या पोरींचं रडं. ही ‘मुक्ती’, दुष्काळातून आलेल्या पोरींचा आश्रय. मालकीण पंडिता रमाबाई. तिला इथे मालकीण म्हणालात तर मात्र लोक तुमच्याकडे बघत राहतील. सगळ्यांची ती ‘बाई’.

आत सारा बायकांचा कारभार आहे. तेव्हा तुम्ही कुणीही असा, आजच्यापुरतं अंगावर लुगडं आहे असं समजा आणि काष्टा नीट खोचा, काम पडणार आहे. पुण्यात बाईंबद्दल काय काय बोललं जातं, त्यांनी धर्म बदलला म्हणून कोण कुणाशी बोलायचं थांबलं, ते सगळं स्टेशनावरच ठेवून या. इथे दोन्ही हात मोकळे लागतात.

बघा, पडलंच काम. कुणीतरी तुमच्या मांडीवर एक पोर बसवून गेलंय. सहा वर्षांची असेल किंवा दहाची, दुष्काळात वय कळत नाही. डोकं भादरलेलं, पोट पुढे आलेलं, बोटांच्या बेचक्यांत खरूज. शेजारच्या वाटीत गंधकाचं मलम आहे, तेच लावायचं. वास नाकात बसेल आणि रात्रीपर्यंत जाणार नाही. ती तुम्हाला चावायला बघेल. चावू द्या थोडंसं. आता तिच्या परकराच्या नेफ्याकडे बघा. काहीतरी टणक लागतंय ना? कालची भाकरी आहे. आजची मिळणार आहे हे तिला चारदा सांगून झालंय, तिचा विश्वास बसलेला नाही. काढून घेऊ नका. इथल्या मोठ्या मुली, ज्या स्वतः तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून अशाच आल्या, त्यासुद्धा काढून घेत नाहीत.

मलम संपलं की विहिरीकडे चला. मोटेचं चाक करकरतंय, बैल उतारावरून जातात आणि थारोळ्यात पाणी धबाधबा पडतं. आजूबाजूच्या मुलखात घोटभर पाण्यासाठी मारामारी असताना इथल्या विहिरींनी दगा दिलेला नाही. बाई याला देवाची कृपा म्हणतात. विहिरी खणायला माणसं लावली ती बाईंनी, हे आपण म्हणायचं.

पुढे धूर दिसतोय तो स्वयंपाकाचा नव्हे, कल्हईचा. एवढ्या मुलींची जेवणं, म्हणजे पितळी भांड्यांचा डोंगर. बाहेरचा कल्हईवाला बोलवायचा कशाला, पोरींनीच शिकून घेतलंय. एक जण भाता मारते. दुसरी सांडशीत धरलेलं पातेलं निखाऱ्यावर फिरवते, ते तापलं की नवसागराची चिमूट टाकते, पांढरा धूर भस्सकन वर येतो आणि तुम्हाला ठसका लागतो. मग कथलाची कांडी टेकवायची, थेंब वितळला की कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचा. काळवंडलेल्या पितळेतून चांदीचा रंग निघतो, आणि ती पोर ओठ दाबून हसू लपवते. पलीकडे तेलाचा घाणा आहे, हातमाग आहे, गोठा आहे. बसून खाणारं इथे कुणी नाही, कारण उद्या ही संस्था असो नसो, पोरीच्या हातात काहीतरी असलं पाहिजे, असा बाईंचा हिशेब आहे. सात्त्विक वगैरे शब्द वापरण्याआधी हा रोकडा हिशेब लक्षात घ्या.

आणि या बाईच. मागे बघा. पांढरं सुती लुगडं, कापलेले आखूड केस, उजळ वर्ण, घारे डोळे, उंची बेताची. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं ती हीच, आणि आत्ता ती वाकून एका पोरीच्या पायातला काटा बघतेय. तुम्ही नमस्कार केलात, नाव सांगितलंत. उत्तर आलं नाही ना? रागावू नका. बाईंना कमी ऐकू येतं. इंग्लंडात डॉक्टरकी शिकायचं मनात होतं, ते याच कानांनी मोडलं. इतक्या पोरींच्या कलकलाटात राहणारी ही आई, आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर प्रत्येकीला तिच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. थोडा वेळ उभे राहून बघा. ओळ लागलीय. एकेक जण येते, बाईंचा खांदा धरते, कानात काहीतरी सांगते. बाई सांगणारीच्या तोंडाकडे टक लावून बघतात. ज्या घरात माणसाला एकच आई असते, तिथेसुद्धा तक्रार इतक्या जवळून ऐकली जात नाही.

तुम्हाला जेवायला बसवतील. जमिनीवर, पंगतीत. भाकरी आणि पातळ डाळ. मांसमच्छी इथे नाही, बाई ख्रिस्ती झाल्या तरी खाणं शाकाहारीच राहिलं. भाकरीचा तुकडा मोडताना एक गोष्ट माहीत असू द्या. बाई सोळा वर्षांच्या असताना त्यांचं कुटुंब असंच दुष्काळात सापडलं होतं. वडील, अनंतशास्त्री डोंगरे, आधी गेले. आई लक्ष्मीबाई तापात अन्न अन्न करू लागली. रमा शेजारच्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ असलेल्या त्या मुलीच्या तोंडून ‘भाकरी द्या’ एवढं निघेना. अखेर कसंबसं मागितलं, बाजरीच्या भाकरीचा तुकडा मिळाला, पण तो गिळण्याची ताकद आईत उरली नव्हती. ती गेली, आणि तिला स्मशानात न्यायला चौथा माणूस मिळेना तेव्हा रमेने खांदा दिला. उंची पुरली नाही म्हणून डोक्यावर भार घेतला.

याच लक्ष्मीबाईंनी पहाटे, घरचं काम सुरू होण्याआधी, झोपेतल्या रमेला लाडाने उठवून संस्कृत पढवलं होतं. पुस्तक नव्हतं, आई म्हणायची आणि मुलगी म्हणायची. नेफ्यातली भाकरी इथे कुणी का काढून घेत नाही, ते आता विचारू नका.

थोडं पुढे सरकू या. १९०५, पावसाळा. पोरींचा आकडा मधल्या काळात दोन हजारांच्या घरात जाऊन आलाय. चिखलात पाय रुततोय, ओल्या लुगड्यांचा आणि कंदिलाच्या तेलाचा वास. प्रार्थनेला बसा. तुम्हाला शांत प्रार्थना माहीत असेल. ही तशी नव्हे. शेकडो जणी एकाच वेळी, मोठ्याने, आपापलं गाऱ्हाणं देवाला सांगताहेत. कुणी रडतेय, कुणी टाळ्या वाजवतेय, छपरावर पाऊस. तुम्हाला उठून जावंसं वाटलं तर जा, अनेक शहाण्यासुरत्या पाहुण्यांना वाटलं होतं. बाई मात्र डोळे मिटून मध्ये बसल्यात. मुक्तीला बांधलेलं उत्पन्न नाही. धान्य संपत आलं की त्या प्रार्थना करतात आणि पेरणीची तयारीही करतात. दोन्हींत त्यांना विसंगती दिसत नाही. मला विचाराल तर अशा श्रद्धेची मला थोडी भीतीच वाटते, कारण तिच्यापुढे सबबी चालत नाहीत.

व्हरांड्यात वेताच्या टोपल्या विणणाऱ्या मुली बघितल्यात? त्यांना दिसत नाही. त्यांच्यातली एक कागदावरून बोट फिरवतेय आणि घडाघडा वाचतेय. हे शिक्षण इथे आणलं मनोरमेने, अमेरिकेत शिकून येऊन. मनोरमा बाईंची पोटची, एकुलती एक. बाप बिपिनबिहारी ती तान्ही असतानाच गेला. बाई इंग्लंडात शिकत आणि शिकवत असताना ही पोर काही काळ वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींच्या हाती वाढली. दुसरीच्या लेकराला आई होणं म्हणजे काय, ते बाईंना दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. आणि मनोरमेला? तिला आईसाठी रांगेत उभं राहावं लागलं असेल, असं मला वाटतं. तिने कुरकुर केलेली दिसत नाही. कामाची निम्मी बाजू उचलली, पुढे गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. जुलै १९२१ मध्ये ती गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. बाई मागे राहिल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शेवटचं या. छापखान्यात. शाईचा, रॉकेलचा आणि खळीचा वास एकत्र. बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतलंय. सोप्या मराठीत, खेड्यातल्या बाईला कळेल असं. संस्कृतावर जन्म काढलेली ही विदुषी जड शब्द एकेक करून खुडून टाकतेय. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुलींच्या हाती. बाई थकल्यात, श्वास लागतो, पण ओली प्रुफं त्यांच्या खोलीत जात-येत आहेत. एप्रिल १९२२ मध्ये त्या जातील, पुस्तक पुरं छापून निघेल १९२४ साली. हे तुम्हाला ठाऊक आहे, इथे कुणाला सांगू नका.

खिळ्यांच्या केसपाशी उभी असलेली ती बाई दुष्काळात आलेल्यांपैकीच. जोडाक्षरांचे खिळे ती न बघता उचलते: क्ष, त्र, द्ध, सगळी उलटी अक्षरं. तुम्ही कौतुकाने एक खिळा उचलायला हात पुढे केलात, तशी ती खेकसलीच, “आधी हात धुऊन या. आणि तो ‘द्ध’ जिथला तिथे ठेवा, एवढे थोडेच आहेत आमच्याकडे.”